पंधराचं मॉडेल

आमच्या सासुरवाडीत जावयाची किंमत त्याच्या गाडीच्या मॉडेलवरून ठरते, आणि मी बरीच वर्षं कूलरवर होतो.

त्याचं असं झालं. माझे सासरे नामदेवराव यांचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावजवळ, घरी धानाची शेती, आणि दोन मुली. थोरलीच्या लग्नात त्यांनी जावयाला कोरी करकरीत मोटरसायकल दिली. धाकटीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, रेखाचं लग्न ठरलं त्या वर्षी धानावर तुडतुडा पडला आणि मोटरसायकलचा कूलर झाला. (लग्न भर वैशाखात होतं, त्यामुळे त्या दिवशी तरी पूर्ण मांडवात माझीच चैन होती!) मी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे तक्रार नव्हती. पण सासरे प्रत्येक भेटीत न चुकता विचारायचे, "कूलर बराबर हाय ना, लहाने जवाई?"

"आहे ना, मामाजी!" मी म्हणायचो. (तो कुठे कुठे आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही.)

थोरले जावई, म्हणजे माझे साडू दिगांबरभाऊ, राहतात सालेकश्याला. त्यांचा ट्रॅक्टर भाड्याने चालतो आणि तोंड फुकट चालतं. अलीकडे ते धडधड आवाज करणारी मोठी गाडी फिरवतात. मग लग्नातली गाडी? ती त्यांनी म्हणे जिवापाड जपून ठेवली होती. "मामाजीची आठवण हाय. मी तिले उन्हात सुदिक काढत नाही!" सासऱ्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका दसऱ्याला ते सालेकश्याला गेले, तेव्हा पडवीत ताडपत्रीखाली गाडी झाकलेली होती. झोपलेल्या लेकराचं पांघरूण काढू नये म्हणून त्यांनी ताडपत्रीवरूनच हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि डोळे पुसत परत आले. तेव्हापासून आमच्या सासुरवाडीत देवाच्या खालोखाल दिगांबरभाऊ.

याचा खरा त्रास मला व्हायचा मंडईच्या दिवशी. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, मटण शिजतं, नाटकाची तिकिटं काढली जातात. त्या दिवशी सासरे पांढरंशुभ्र धोतर नेसून दिगांबरभाऊंच्या मागे गाडीवर बसतात आणि सगळ्या गावातून मिरवत मंडईच्या मैदानावर जातात. लोक विचारतात, "हे कोन जी?" सासरे छाती फुगवून सांगतात, "आमचे जवाई!" मागून मी पायी, एका हातात सासऱ्यांची छत्री आणि दुसऱ्या हातात सासूबाईंची पिशवी. माझ्याबद्दल कोणी विचारत नाही. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, तर सासरे म्हणाले, "तेही आमचेच हायेत."

यंदा ठरवलं, बस्स! यंदा सासरे माझ्या गाडीवर बसतील. केशोरीच्या माझ्या किराणा दुकानातून नवी गाडी निघणं शक्य नव्हतं, म्हणून गोंदियाला जाऊन जुन्या गाड्यांच्या दलालाला गाठलं. त्याने मला निळीशार गाडी दाखवली.

"कितीचं मॉडेल?"

"पंद्रह का है भैया! नंबर की सीरीज देखो ना. आँख बंद करके ले जाओ!"

मी तेच केलं. डोळे बंद करून घेतली. नंबराची मालिका खरोखर पंधरा सालच्या आसपासची होती आणि तेवढ्यावर मी गाडीची कुंडली मांडून मोकळा झालो. आरसी कार्डावरची अक्षरं मागच्या मालकाच्या खिशात घासून घासून नाहीशी झाली होती, पण ज्याच्याकडे नंबर आहे त्याला अक्षरं कशाला हवीत!

मंडईच्या दिवशी सकाळी मी मागे रेखाला बसवून सासुरवाडीच्या अंगणात गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. सासरे बाहेर आले. सासूबाई बाहेर आल्या. रेखाची ताई बाहेर आली. आणि तिच्या मागून, दात कोरत, दिगांबरभाऊ.

"गाडी घेतली, मामाजी. पंधराचं मॉडेल," मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो. "आज मंडईत माझ्यामागे बसायचं!"

सासऱ्यांचा चेहरा खुलला. ते पुढे आले, सीटवर हात फिरवला. आणि तेवढ्यात दिगांबरभाऊ गाडीभोवती गोल फिरले, जनावरांच्या बाजारात म्हशीभोवती फिरतात तसे. वाकून हेडलाइट पाहिला, टायर दाबला आणि शेवटी पचकन थुंकले.

"पंधराचं? कोन सांगतलं? हे अकराच्या इकडचं मॉडल असन त मी मिशी काढतो! आवाज पाहा हिचा, डबडं वाजवून राहिलं कोनी असं वाटते. माही नवाची हाय मामाजी, पन आजही काढली त हिच्यासारक्या चारले मांगं टाकन!"

"नंबर पाहा ना भाऊ!" मी म्हणालो.

"नंबर का चाटाचा हाय? गाडी दुसऱ्या राज्यात, बालाघाटकडे जाऊन परत आली का नंबर नवा भेटते. मॉडल तेच राहते. फसवलं तुमाले!"

हे मला माहीत नव्हतं. माझा चेहरा पडला आणि तो सगळ्यांनी पडताना पाहिला. रेखा हळूच म्हणाली, "तरी मी म्हणत होती, मले संग घेऊन जा." (ती असं काही म्हणाली नव्हती. पण अशा वेळी बायकोशी वाद घालणारा माणूस मी नव्हे!)

सासरे दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. पाऊणशे वर्षांच्या आयुष्यात त्यांनी गावातली बांधाची भांडणं पुष्कळ सोडवली होती. तेच डोकं त्यांनी इथे लावलं.

"असं करा," ते म्हणाले, "गाडीचं साल काढा. ज्याचं खरं निघन, मी त्याच्या मांगं बसून मंडईत जाईन. बस्स, झालं!"

म्हणजे आता प्रश्न गाडीच्या सालाचा राहिला नाही, माझ्या इज्जतीचा झाला! मी तडक मोबाइल काढला. ऑनलाइन पाहायचं म्हटलं तर रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथे पळत गेलो. पडद्यावर चक्र फिरलं, फिरलं, फिरलं आणि 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं आलं. थोड्या वेळाने प्रयत्न केला तर बॅटरी गेली.

परत आलो तेव्हा अंगणात शेजारपाजारचे जमले होते आणि प्रत्येक जण एकेक भाग धरून साल काढत होता.

"मडगाड त बाराचा हाय."

"सीट अठराची हाय जी, माह्या पोराच्या गाडीले असीच हाय."

"टाकी मात्र चौदाची. चौदाच्याच टाकीले असी पट्टी राहे."

"आन हा आरसा?"

"हा ट्रॅक्टरचा हाय!"

गाडी कसली, एकत्र कुटुंब होतं ते! जो आला त्याला सामावून घेतलेलं. एका समंजस गृहस्थाने सुचवलं, की सगळ्या भागांच्या सालांची बेरीज करून सरासरी काढावी. मी ताबडतोब पाठिंबा दिला, कारण मनातल्या मनात हिशेब करून पाहिला होता आणि उत्तर माझ्या बाजूचं येत होतं. पण दिगांबरभाऊ हसले.

"सरासरी नाही चालत. चेसिस नंबर पाहा. ह्यांडलाच्या मानेवर असते. त्याच्यात एक अक्षर सालाचं राहते."

साडूचं ज्ञान मला त्या क्षणी अतिशय दुःखदायक वाटलं. हँडलच्या मानेवर निळ्या रंगाचा जाड थर होता. पोराटोरांना बाजूला सारून मी स्वतः रॉकेलचं फडकं घेऊन बसलो. घासलं, खरवडलं, नखं काळी केली. हळूहळू अक्षरं दिसू लागली. दिगांबरभाऊ माझ्या खांद्यावरून वाकून मोजू लागले आणि सालाच्या अक्षरापाशी येऊन थांबले. तिथे काहीच नव्हतं! क्लचची तार वर्षानुवर्षं नेमकी त्याच जागी घासत राहिली होती आणि तिने तेवढंच अक्षर खाऊन टाकलं होतं. बाकीचे सगळे आकडे शाबूत!

"पुसलं कोन हे?" दिगांबरभाऊंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"तारेनं, भाऊ! मी आता तर आलोय!"

आता मात्र अंगणात आवाज चढले. मी म्हणे पंधरा, ते म्हणत अकरा. शेजाऱ्यांचे दोन पक्ष पडले. सासरे धोतराचा सोगा हातात धरून उभे, मंडईला उशीर होत होता. या सगळ्या गोंधळात एकाच व्यक्तीला गाडीच्या सालाशी कर्तव्य नव्हतं, त्या म्हणजे सासूबाई. त्यांचं दुःख वेगळंच होतं.

"साल राहू द्या बाजूले! मंडईच्या दिवशी अंगणात एवढी घान गाडी? लोक का म्हनतीन?" असं म्हणून त्या राख, चिंच आणि नारळाची शेंडी घेऊन आल्या आणि पितळेची भांडी घासावीत तशी गाडी घासायला बसल्या. कोणी त्यांना अडवलं नाही. सासूबाई घासायला बसल्या की समोर जे येईल ते घासून निघतं, त्यामुळे सगळे जरा दूर सरकले.

चेनकव्हरवर कोणीतरी ब्रशने फासलेला निळा रंग पापुद्र्यांनी निघू लागला. त्याखाली काळा रंग. सासूबाई घासता घासता थांबल्या. पदराने पुसलं. मान तिरपी करून पाहिलं. मग उठून घरात गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर पाण्याचा पितळी गुंड होता. तो त्यांनी गाडीशेजारी जमिनीवर ठेवला.

"हे पाहा जी," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "हे त एकाच हाताची अक्षरं हायेत!"

आम्ही सगळे वाकलो. थोरलीच्या लग्नात घरासाठी घेतलेल्या त्या गुंडावर टिंबाटिंबांनी सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं. चेनकव्हरवरही तशीच टिंबं, तशीच उजवीकडे झुकलेली अक्षरं आणि शेवटी तसंच छोटंसं फूल. चेनकव्हरवरचं मी मोठ्याने वाचलं, "चि. दिगांबर यास लग्नात सप्रेम भेट. नामदेवकडून. २००९."

सगळ्यांच्या माना दिगांबरभाऊंकडे वळल्या.

आमच्याकडे आंदणाच्या प्रत्येक भांड्यावर नाव घालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुंड, परात, चमचा, काही सुटत नाही. पण सासऱ्यांनी त्या लग्नात भांड्यांवर नावं घालणाऱ्याला घरी बोलावलं होतं, आणि समोर परात, घागर, मोटरसायकल असं सगळं ओळीने मांडून "घाला सब्बनवर!" असं सांगितलं होतं. त्या माणसाने घातलं. एवढी मोठी वस्तू द्यायची आणि नाव घालायचं नाही, हे सासऱ्यांच्या बुद्धीत बसणारच नव्हतं!

"चेनकव्हर कोनाचंही कोनाले लागते," दिगांबरभाऊ घाईघाईने म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. "माह्या गाडीचं बदलवलो होतो मी. तेच हिले लागलं असन. माही गाडी त घरी हाय ना! ताडपत्रीखाली!"

मुद्दा बिनतोड होता. आत्ताच तर आम्ही त्या गाडीत अख्ख्या जिल्ह्याचे भाग मोजले होते. पण सासरे शांतपणे खाली बसले आणि गाडीच्या सीटवर थाप मारून म्हणाले, "सीट खोला."

"काऊन, मामाजी?"

"झाकनीचं भांडं राहिलं त आपन नाव कोठी घालतो? झाकनीवर बी घालतो आन भांड्यावर बी घालतो. झाकनी हरपते म्हनून! चेनकव्हर म्हनजे झाकनीच. मी तवाच दोन जागी घालाले लावलो होतो."

सीट निघाली. बॅटरीजवळ, चेसिसच्या पट्टीवर, मातीच्या थराखाली, तीच टिंबं, तेच नाव, तेच साल, तेच फूल. चेसिस काही कोणी बदलत नाही. रेखाच्या ताईला अचानक चुलीवरची भाजी आठवली आणि ती आत निघून गेली.

"मंग त्या ताडपत्रीखाली का हाय?" सासऱ्यांनी विचारलं.

दिगांबरभाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गुंडाकडे पाहिलं. "पंखा," ते म्हणाले.

"कोनता पंखा?"

"धान उडवाचा. गाडी त कवाच एक्स्चेंजमंधी देल्ली जी. बालाघाटच्या मानसाले गेली म्हनतात."

"म्हनजे दसऱ्याले मी हळदकुंकू लावलो ते…"

"पंख्याले, मामाजी."

"आन नारळ?"

"तोही पंख्यालेच."

मला हसू फुटत होतं, पण सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि ते आवरलं. म्हातारा गाडीकडे पाहत होता. ही गाडी त्यांनी गोंदियाच्या शोरूममधून स्वतः घरी आणली होती. मोटरसायकल कधी चालवलेली नव्हती, तिथल्या माणसाने पहिला गेअर टाकून दिला, आणि दुसरा टाकायचा असतो हे कोणी सांगितलं नाही, म्हणून गोंदियापासून घरापर्यंत पूर्ण पहिल्या गेअरवर! बैलगाड्या पुढे निघून गेल्या, पण हे हँडल गच्च धरून, घामाघूम, लेकीची गाडी घेऊन आले. हे सगळं ते आता पहिल्यांदाच सांगत होते, आणि सांगता सांगता त्या अक्षरांवरून बोट फिरवत होते. मलाही भरून आलं. इतकी वर्षं मी ज्या गाडीचा मनातल्या मनात हेवा केला, ती मीच चालवत आणून त्यांच्या दारात उभी केली होती आणि मला पत्ता नव्हता.

मग सासरे उठले. दिगांबरभाऊ मार खाणाऱ्या पोरासारखे मान खाली घालून उभे होते.  पण सासरे माझ्याकडे वळले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माही हरपली गाडी लहाने जवाई घरी आनले!"

जय झाला! काय वर्णन करू! सासूबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, गाडीलाही लावलं (या वेळी खरोखर गाडीला!). रेखा अशा थाटात उभी होती, की जणू गाडी तिनेच हुडकून काढली. जेवताना कलेजीची वाटी, जी आजवर कायम दिगांबरभाऊंच्या ताटाकडे जायची, ती घरंगळत माझ्यासमोर आली. मी दिगांबरभाऊंकडे बघत एकेक तुकडा सावकाश खाल्ला. पंधरा की अकरा, हे विचारायची शुद्ध कोणाला राहिली नव्हती. खरं तर माझ्यापेक्षा साडूचंच उत्तर जवळचं होतं, पण ते सांगण्याची त्यांची हिंमत नव्हती आणि सांगण्याची मला गरज नव्हती!

"चला मामाजी," मी ऐटीत गाडीवर बसून म्हणालो, "बसा मागे!"

"तुमी सरका मांगं," सासरे म्हणाले. "मी चालवतो."

त्यांना नाही म्हणण्याची कोणाची छाती! मी पहिला गेअर टाकून दिला आणि मागे बसलो. सासऱ्यांनी हँडल गच्च धरलं आणि आमची मिरवणूक निघाली. पहिल्या गेअरवर, कर्कश आवाज करत, धुराचा लोट सोडत, ओसरीओसरीतल्या माणसांना उठवत. कोंबड्या बाजूला पळाल्या. शाळेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. लोक विचारत, "हे कोन जी मांगं बसले?" आणि सासरे पूर्ण ताकदीने ओरडत, "माहे जवाई! लहाने जवाई! माही गाडी घेऊन आले!" मागून दिगांबरभाऊ पायी येत होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात सासूबाईंची पिशवी. आमचा वेग इतका होता, की ते दोनदा आमच्या पुढे निघून गेले आणि त्यांना थांबून वाट पाहावी लागली.

माझ्या आयुष्यात यापेक्षा मोठा क्षण आलेला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी एवढा ताठ बसलो नव्हतो.

मंडईचं मैदान दिसू लागलं तशी सासऱ्यांनी अर्धी मान मागे वळवली. (गाडी चालवताना मागे पाहू नये, हेही त्यांना शोरूममध्ये कोणी सांगितलं नव्हतं!)

"लहाने जवाई," ते प्रेमाने म्हणाले, "पाह्यलं ना, नाव घातलं राहिलं त वस्तू कसी घरी येते? तुमच्या कूलरवर बी मी असंच घालाले लावलो होतो. दोन जागी! अक्षय्य तृतीयेले येतो केशोरीले. हळदकुंकू लावाचं हाय त्याले. पन यंदा ताडपत्री काढून लावीन, हो!"

सध्या दिगांबरभाऊंची आणि माझी मैत्री फार घट्ट झाली आहे. दर रविवारी ते सालेकश्याहून येतात आणि आम्ही दोघे नवाच्या त्या मॉडेलवर बसून कूलर शोधत केशोरीभर हिंडतो. कूलरची टाकी मिळाली आहे, पण तिच्यात शेजाऱ्याची म्हैस पाणी पिते आणि ती बाजूला व्हायला तयार नाही. जाळी कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडली. मोटर गिरणीतल्या पिठाच्या चाळणीला लागली आहे असं कळतं. आता फक्त नाव घातलेला पत्रा मिळायचा आहे, आणि तो सापडला की सगळं जोडून, वरून ताडपत्री झाकून तयार ठेवणार आहे.